लिहिणाऱ्याने उभं राहावं

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी टेलरच्या बायकोने अंथरूण धरलं आणि टेलर वाचनालयाच्या माडीवर जाऊ लागला. जायचं खरं तर तिला होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथे वाचन असायचं, आणि धडधाकट होती तोवर तिने ते कधी चुकवलं नव्हतं. आता जिना चढणं सोडाच, उशीवरून मान उचलली तरी धाप लागायची.

"तुम्ही जा आणि ऐकून मला सांगा," ती म्हणाली. "तेवढीच मला कशाची तरी वाट बघायला होईल."

टेलरला नाही म्हणता येईना. त्याला अक्षरं तिनेच शिकवली होती, पोरं हाताशी आल्यावर, कापडावर खडूने.

माडीवरची रीत वेगळी होती. कागदावर नाव घालायचं नाही. दाराशी एक पेटी टांगलेली असायची, तिच्यात कागद टाकायचे. ते ग्रंथपालबाई वाचायच्या. वाचून झालं की म्हणायच्या, "लिहिणाऱ्याने उभं राहावं." वाटलं तर उभं राहायचं, नाहीतर नाही. कोणी खोदून विचारायचं नाही.

त्या वर्षी पेटीत एका नावाड्याची गोष्ट येऊ लागली. महिन्याला एक भाग. लिहिणारा कधीच उभा राहिला नाही. एक निवृत्त पोस्टमन तेवढा टाळ्या सुरू झाल्या की अर्धवट उठायचा, आणि कोणी बघितलंच तर कंबर धरली म्हणायचा.

टेलरला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण तो झोपायचा. रात्रभर बायकोची उठबस, दिवसभर मशीन. त्यात मागची खुर्ची, डोक्यावर पंखा आणि बाईंचा संथ आवाज. नावाड्याने होडी सोडायच्या आत टेलरची मान छातीवर यायची. सगळे उतरले की बाई त्याला हलवायच्या. "काका, संपलं."

पहिल्या वेळी घराकडे येताना त्याचे पाय उचलेनात. ती उशीला टेकून वाटच बघत होती.

खरं सांगणं त्याच्या जिवावर आलं. एक नावाडी आहे आणि त्याला होडी सोडून एकदाचं घरी जायचंय, एवढंच त्याच्या कानावर पडलं होतं. पुढचं त्याने रचलं. होडीत एक आंधळी शेळी चढते आणि उतरायचं नावच घेत नाही, असं ठोकून दिलं.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग खोकला येईपर्यंत हसली.

"शेळी?"

"शेळी. लिहिणाऱ्याने घातली, त्याला मी काय करू?"

मग हे दर महिन्याचंच झालं. मशीनवर बसल्या बसल्या तो शेळीचं पुढे काय करायचं याचा विचार करायचा. एकदा बाही उलटी जोडली, तेव्हा मुलाने त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. बायकोचे प्रश्न तर संपायचे नाहीत. शेळीला चारा कोण घालतं, ती कोणाची, पाण्याला भिते का. टेलरला घाम फुटायचा. ती मात्र त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवायची.

तिचं बाकी सगळं सून बघायची. वाचनालयातली पुस्तकं बदलून आणायची. औषधांच्या वेळा मांडायला म्हणून बायकोने कागद-पेन्सिल मागितली, तीही तिनेच उशाशी आणून ठेवली होती.

एका शनिवारी ग्रंथपालबाईंनी त्याला जिन्यात गाठलं. मावशींना बघायला यायचं म्हणत होत्या. नावाड्याचे मागचे भागही वाचून दाखवणार होत्या. टेलरच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी तिला बोलायची बंदी केलीय, असं सांगून त्याने वेळ मारून नेली. पण घरी जाईपर्यंत ते मनाला लागून राहिलं. कळलं तर ती काही बोलणार नाही, पण वाट बघायचं सोडून देईल. तिच्याजवळ दुसरं उरलं होतं काय?

त्या दिवशी त्याने शेळीला आजारी पाडलं.

"शेळीला मारू नका हं," ती म्हणाली.

"मी कोण मारणारा? लिहिणाऱ्याला सांग."

"त्यालाच सांगतेय."

ती डोळे मिटून पडली होती.

त्यानंतरच्या वाचनाला जायचं त्याच्या मनात नव्हतं. पण सून अडून बसली. "जायचं बाबा. आईंनी मला बजावून ठेवलंय." ती स्वतःही निघाली. उंबरा ओलांडताना टेलरने सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून "येतो गं" म्हटलं.

माडीवर पोस्टमनने उठून त्याला पुढची खुर्ची दिली. सून शेजारी बसली. त्या दिवशी टेलरला झोप आली नाही.

बाईंनी वाचायला घेतलं. नावाडी होता. आणि होडीच्या टोकाशी, कधीपासूनची तिथलीच असल्यासारखी, आंधळी शेळी होती. तिचं नाव निघताच आजूबाजूची माणसं ओळखीचं हसली.

टेलरने खुर्चीचा हात घट्ट धरला.

बाई वाचत होत्या. 'नावाडी दमलेला असायचा. वल्ही मारता मारता त्याचा डोळा लागायचा, आणि जाग आली की पलीकडचा किनारा कसा आहे ते तो शेळीला बघितल्यासारखं सांगायचा. शेळी आंधळी होती, बहिरी नव्हती. त्याचं घोरणं तिला ऐकू यायचं. पण त्याने सांगितलेला किनारा तिला खऱ्यापेक्षा आवडायचा, म्हणून ती उतरली नाही.'

बाईंनी कागद खाली ठेवला. "लिहिणाऱ्याने उभं राहावं."

या वेळी पोस्टमनसुद्धा हलला नाही. सुनेने टेलरच्या कोपराला हात लावला. तो उठून उभा राहिला.

गोष्ट लिहिणारी, म्हणजे त्याची बायको, दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी पहाटे वारली होती.