बाबांच्या रीतीने

“आला का गं निकाल?” आरशात बघून कोटाची गुंडी लावता लावता लक्ष्मीकांतांनी विचारलं.

“अजून नाही, बाबा,” अवंतिका म्हणाली. धडधडीत खोटं. निकाल सकाळी गाडीतच लॅपटॉपवर आला होता.

पडद्यापलीकडे, फूलबागेजवळच्या सभागृहात, निम्मं मराठी ग्वाल्हेर जमलं होतं. आपल्या माणसाने साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांशी पंगा घेतला, केवढा अभिमान सगळ्यांना! विश्व प्रसरण पावतंय असं जग म्हणे, आणि लक्ष्मीकांत एकतीस वर्षं म्हणत होते, छट्, मुळीच नाही! परीक्षाही त्यांनीच ठरवली होती. जवळचा एखादा तारा फुटला की वीस दिवसांत मंदावतो. विश्व स्थिर असेल तर अतिदूरचा तसलाच तारा वीस दिवसांतच मंदावताना दिसायला हवा. प्रसरण खरं असेल तर प्रकाश वाटेत ताणला जाऊन जास्त दिवस लागतील. दुसऱ्यांची मोजमापं त्यांनी कधी मानलीच नाहीत. म्हणून यंदा पुण्यात खगोलशास्त्र करणाऱ्या लेकीने नव्या दुर्बिणीची निरीक्षणं घेतली आणि बाबांच्याच रीतीने मोजणी केली. आता नाक मुरडायलाही जागा उरली नव्हती.

मराठी समाजाचे सचिव शिवाजीराव शाल घेऊन आत आले. “सर, पूरा हॉल भरलाय. चला, आधी सत्कार, मग आपलं भाषण.”

गप्प राहावं का, अवंतिकाला वाटलं. एक संध्याकाळ मिरवू दे म्हाताऱ्याला, कुणाचं काय जातंय? पण आता हे तिथे उभे राहून छातीठोकपणे वीस दिवस म्हणणार, आणि उद्या निकाल छापला की हीच माणसं हसणार. तेही पोटच्या पोरीच्या मोजणीवरून.

“बाबा, थांबा. खोटं बोलले मी. निकाल आलाय.”

लक्ष्मीकांतांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आकडा विचारलाच नाही.

“दोनदा तपासलंस?”

“चारदा.”

“चारदा कशाला?”

“तुमच्यासाठी, बाबा.” तिला रडू फुटलं.

ते खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बाहेरून टाळ्या सुरू झाल्या, लोकांना उशीर सहन होईना. मग ते उठले.

“शाल राहू द्या, शिवाजीराव. आधी भाषण.”

“अहो सर, असं कसं! सत्कार पहिले असतो. रिवाज आहे आपला.”

“आधी भाषण. मग शाल द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.”

मंचावर ते एका दमात बोलले. “एकतीस वर्षं मी तुम्हाला जे सांगत आलो ते चूक निघालं. मोजणी माझ्या मुलीने केली आहे. तीच सांगेल.”

पहिल्या रांगेतल्या इंदुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि पदर तोंडाशी धरला. लक्ष्मीकांतांनी अवंतिकाच्या हातात मार्कर दिला आणि बाजूला उभे राहिले.

ती फळ्याकडे वळली. तिने कसंबसं लिहिलं, ‘वीसपेक्षा जास्त’, आणि मार्करला टोपण लावलं.

“जास्त म्हणजे किती?” मागून बाबांचा आवाज आला. “आकडा लिही, अवंतिका. लोक लांबून आलेत.”