राखणदाराचा वाटा

या, जरा पुढे सरकून बसा. कोकणात पुढे कधीतरी घडणारी गोष्ट सांगतो.

गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, दारू दाखवली, की तीच तीर्थ म्हणून प्रत्येकाने घोटभर घ्यायची, ही गावची रीत. वामन गवसाच्या हाती प्याला आला. बायको गेल्यापासून तो उदासीच्या गोळ्या घेत होता, गावाला चोरून. तीर्थ कुठे दारू असतं, अशी मनाची समजूत घालून त्याने प्याला ओठांना लावला. तेवढ्यात त्याच्या कानामागचा मणी, मेंदूवर पहारा ठेवायला तेव्हा सगळ्यांनाच बसवलेला असतो तो, मोठ्याने बोलला, "उदासीचं औषध चालू आहे. औषध मेंदूच्या पेशींची दारं सावरतंय, दारू ती बधिर करेल. दोन्ही मिळून श्वास मंदावेल."

"वामन्या, तुका येडाचा औषध?" कुणीतरी हसलं.

गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या तातू गावकरांनी वामनचा प्याला काढून घेतला आणि राखणदाराच्या पाषाणावर ओतला. "बा देवा म्हाराजा, वामनाचो वाटो तूच घे, आणि त्येच्या मनावरचो काळोख पण ने!"

"व्हय म्हाराजा!" रीतीप्रमाणे सगळे म्हणाले.

"आणि ह्यो माझो," म्हणत तातूंनी आपलाही प्याला ओतला. "माझो मणी पण ह्याच बोलता, म्हणान त्यात मी कापूस भरून ठेवलंय."

मागून आणखी काही प्याले पाषाणावर रिते झाले.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या तातूंची आठवण ठेवा, बाबांनो.