टॅपेटचा आवाज

"आवाज कुठाय?" नोंग सिल्वे म्हणाले; वडीलधारे मेकॅनिक म्हणून सगळे त्यांना नोंग म्हणायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर आणि मूठ कानाला, असे ते जीपनीवर, उतारू नेणाऱ्या लांब जीपवर, वाकले होते.

तिचा चालक देमेत्रियो तिलाच टेकून उभा होता. सकाळीच गाडी नेली होती, दोन फेऱ्या मारून परत आणली होती. "नोंग, बॉनेटखाली सुतार बसवलाय का, असं उतारू विचारतात मला. राग नका मानू. मी दुसरीकडे दाखवतो."

इंजिन नोंग सिल्वेंनीच नुकतंच उघडून नव्यानं बांधलेलं. चाळीस वर्षांत हारो भागातल्या त्यांच्या या गॅरेजमधून कुणी गाडी दुसरीकडे नेली नव्हती.  नोंग सिल्वेंनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला.

तेवढ्यात त्यांची मुलगी नेनिता आली. आठवडाभर बाकोलोदला बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. बोटीतून उतरून थेट इकडेच. फाटकातच तिला टकटक ऐकू आली; बाप मात्र स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ती शोधतच होता. बापाला ती ऐकू येत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. 

"ताय, मी बघते," बॅग खाली ठेवत ती बापाला म्हणाली. "बोटीत बसून अंग आंबलंय."

तिनं इंजिन बंद करून वरचं झाकण काढलं. फट मोजायच्या गेजची पाती झडप दाबणाऱ्या एकेका रॉकरखाली घालून पाहिली. आठही मापं बरोबर. देमेत्रियोनं घड्याळ पाहिलं.

मग तिनं इंजिन सुरू करायला लावलं आणि चालत्या इंजिनातच एकेका रॉकरखाली पाती सरकवली. पहिला, दुसरा, काही फरक नाही. तिसऱ्याला टकटक एकदम दबली. इंजिन बंद करून तो रॉकर तिनं सोडवला, त्याच्या टोकावरून नख फिरवलं. नख अडकलं. टोक झिजून बारीक खळगा पडला होता. सरळ पाती त्या खळग्यावरून सपाट जायची. माप बरोबर दिसायचं, फट मात्र जास्तच राहायची.

फळीवरच्या जुन्या इंजिनाचा चांगला रॉकर तिनं बसवला, फट लावली, झाकण आवळलं. देमेत्रियोनं चावी फिरवली. इंजिन टकटक न करता एकसारखं घुमत राहिलं. त्यानं वेग वाढवला, कमी केला, आणि स्टिअरिंगवर थाप मारली.

"मानलं, नेनिता."

"मी काय केलं? तिसरा रॉकर बघ, असं तायनंच सांगितलं," ती चटकन म्हणाली.

नोंग सिल्वेंनी तिच्या ओठांकडे पाहिलं. हात पुसले.

"खोटं सांगतेय ती, देमे. मी काही सांगितलं नाही. मला ही टकटक, टॅपेटचा आवाज, ऐकूच येत नाही. आज नाही, दोन वर्षं झाली."

देमेत्रियो गोंधळला. "पण नोंग, माझ्या भावाची गाडी तुम्हीच केलीत गेल्या वर्षी. कशी गुपचूप चालते."

"ही समोर होती ना तेव्हा," नोंग सिल्वे म्हणाले. त्यांची मान ताठ झाली होती. "इंजिन सुरू झालं की मी हिच्या तोंडाकडे बघतो. हिच्या कपाळावरची आठी गेली, की मी बॉनेट लावतो."