छान अक्षर

"स्पेक्ट्रोमीटर लाव आणि रीडिंग घे," परीक्षक सर म्हणाले.

तहसीनने उपकरणाच्या दुर्बिणीला डोळा लावला. नुसता अंधार.

बी.एस्सी.ची तीन वर्षं बॅचमध्ये तीन मुलं होती आणि ती एकटी मुलगी. पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलं म्हणाली होती, "तू लिही गं, तुझं अक्षर छान आहे." तिलाही बरं वाटलं होतं. मग मुलं स्क्रू फिरवत राहिली, आकडे सांगत राहिली, आणि ती लिहीत राहिली.

कुठला स्क्रू कशासाठी, हे तिला तोंडपाठ होतं. बोटांना मात्र ठाऊक नव्हतं.

वेळ संपली तेव्हा तिचा कागद कोरा होता. सरांनी तिचं जर्नल सावकाश चाळलं.

"अक्षर फार सुंदर आहे गं तुझं," ते मायेने म्हणाले. "एम.एस्सी.च्या भानगडीत पडू नकोस. बी.एड. कर."