संदेश पुढच्या रविवारी

सुकरीच्या दाराच्या चौकटीवर रक्त होतं. वाळून काळं पडलेलं. ते पाहिलं आणि देवराव मास्तर जागीच थबकले. नागभीडहून आलेल्या बसमधून फाट्यावर उतरून ते जंगलातली पायवाट तुडवत आले होते. काखेत बायबल होतं आणि आजचा धडा तोंडपाठ होता. पण सुकरीच्या अंगणात आज धड्याला बसलेलं कुणी दिसेना. सारा गाव उभा होता. माणसांच्या खांद्यांवर कुऱ्हाडी होत्या. तशा त्या रोजच असतात, हे मास्तरांना ठाऊक होतं. आज मात्र त्यांची नजर पात्यांवरून हलेना.

"या मास्तर," भुमक लहानू म्हणाला. गावदेवाची पूजा त्याच्याकडे असे. "तुमचीच वाट पाहून राह्यलो."

गावात गोवर आला होता. सुकरीची पोरगी तापाने फणफणली होती, आणि शेजारच्या बुधरीचीही. सरकारी नर्सबाई आदल्या दिवशी गोळ्या देऊन गेली आणि जाता जाता, आता वाट पाहायची, एवढंच म्हणाली.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागच्या रविवारी बायबलातली मिसरची, म्हणजे इजिप्तची, गोष्ट त्यांनीच सांगितली होती. गुलामांची वस्ती, चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त, आणि घराघरावरून फिरणारं मरण. रक्त दिसलं की ते घर ओलांडून पुढं जाणारं. मास्तर रंगात आले की फार छान सांगत. एका रविवारी पार्श्वभूमी, दुसऱ्या रविवारी संदेश, ही त्यांची शिस्त होती, आणि त्या शिस्तीचा त्यांना भारी अभिमान होता. संदेश आज सांगायचा होता. पण तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला आठवडाभर दम कुठून निघणार? कोकरू सुकरीकडे नव्हतं. कोंबडी होती.

"रगत आमीही देतो," लहानू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "पन गावाच्या शिवेवर. साऱ्या गावाच्या नावानं. आपल्या एकट्याच्या दाराले कोनी लावत नाई."

बुधरी पुढं आली. तिचे डोळे जागून लाल झाले होते.

"मले एवढंच सांगा, मास्तर. हे घर सोडून ते मरन कोनाच्या घरी जाईन?"

जुनी गोष्ट आहे बाई, तिचं काय घेऊन बसलीस, एवढं मास्तरांनी म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण ज्या पुस्तकावर सारा जन्म काढला ते नुसती गोष्ट म्हणून झटकायला जीभ रेटेना. आणि खरं म्हणावं, तर सुकरीची धडगत नव्हती. आपलीही नव्हती, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"बुधरीबाई, धडा अजून अर्धाच झाला आहे," ते घाईघाईने म्हणाले. "पुढं सगळं वेगळं आहे. आता असल्या रक्ताची गरजच नाही. एकानं सगळ्यांसाठी आपलं रक्त दिलं..."

"पुढचं मंग सांगा," बुधरी म्हणाली. "त्या देशातले, रगत नसलेल्या घरचे लेकरं मेले का नाई?"

भीतीपोटी माणूस खोटं बोलतो. मास्तरांच्या तोंडून भीतीपोटी खरं निघून गेलं.

"मेले," ते म्हणाले.

मग मागून कुणीतरी सुकरीच्या दाराकडे बोट दाखवून 'जादू' म्हणालं, आणि तो शब्द माणसामाणसांतून पुढं सरकत आला. एकाने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. बुधरी मटकन खाली बसली. पळावं, असं मास्तरांना वाटलं, आणि तसं वाटल्याची त्यांना तिथंच लाज वाटली.

तेवढ्यात दार उघडलं. कुडाच्या भिंतीआडून सुकरीने सगळं ऐकलं होतं. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली पोरगी तिने खांद्याशी धरली होती.

"सुकरी, आत जा!" मास्तर ओरडले. "बाहेर येऊ नकोस, आत जा!" दाराला रक्त लावून काही होत नाही, हे शिकवायला आलेला माणूस तिला त्याच दाराआड राहा म्हणून विनवत होता. बोलून गेल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं, पण शब्द परत घ्यावेत असंही त्यांना वाटेना.

सुकरी थांबली नाही. कुऱ्हाड घेतलेल्या माणसासमोरून ती सरळ चालत गेली. तीही भ्यालेली होती, सगळ्यांना दिसत होतं. कुणी तिला अडवलं नाही. बुधरीच्या घराचं दार ठेंगणं होतं आणि चौकट कोरी. ती वाकून आत शिरली आणि बुधरीच्या पोरीला थोडं सरकवून तिने आपली पोरगी त्याच चटईवर टेकवली.

बुधरी धावत मागं आली. दाराशी थबकली.

"काऊन वं आनली तिले इथी? तिथी वाचली असती ना!"

"वाचली असती," सुकरी म्हणाली. दोन्ही पोरींच्या अंगावर तिने एकच गोधडी ओढली. "अन् मंग खेळली कोनासंग असती?"