कुकरमधली कढी

नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या धाकटीने नव्या खोलीत पहिल्यांदाच मन लावून स्वयंपाक केला. दह्यात बेसन आणि पाणी घोटून कुकरमध्ये ओतलं, मंद आचेवर एकच शिट्टी काढली आणि वरून जिऱ्याची फोडणी दिली. कढी जराही फुटली नाही. कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली. इथला पत्ता तिने आईलाही सांगितला नव्हता, पण खिडकीत ठेवलेल्या वाफाळत्या वाटीचा फोटो मात्र न राहवून पाठवला.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. "छान जमलीय गं कढी. आत्ताच जावईबापूंना दाखवली. फार निवळलेत आता ते."

धाकटीने वाटी खाली ठेवली. "फोटो दाखवलास त्यांना?"



"फोटो मोठा करून त्यांनी तुझ्या खिडकीबाहेरच्या दुकानाची पाटी वाचली, आणि तुला घ्यायला निघालेसुद्धा."