सेन्योर बाल्तासारांची फरशी

आफ्रिकेतली माणसं क्युबात विकून मिळालेल्या पैशावर सेन्योर बाल्तासारांनी आमच्या कादिस बंदरात संगमरवरी घर बांधलं. राहायला गेल्यावर आठवड्यातच त्यांनी मला, गवंड्याला, भर दुपारी बोलावलं.

"बेनितो, फरशी डुलते रे, जहाजासारखी."

"यांचं डोकं फिरलंय," त्यांची बायको रेमेदिओस हसत म्हणाली.

मी पाणसळ लावली. फरशी तंतोतंत सपाट होती. पण तिच्यावर ठेवलेलं संत्रं दारापर्यंत घरंगळत गेलं, थांबलं आणि परत आलं. बाईंचं हसू मावळलं.

"मालक, उखडून बघू?"

"नको!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तू उघडलंस, तर मी जाऊ कुठे?"

तेवढ्यात खालून कुणीतरी ठोठावलं.

"कोण आहे?" बाईंनी सवयीने विचारलं.

फरशीखालून शेकडो जण एकदम आपापलं नाव सांगू लागले.